फूड प्रॉडक्शनच्या वर्गासाठी डिजिटल धडे, सराव चाचण्या आणि गुणपत्रके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआय, हॉटेल मॅनेजमेंट आणि बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमांत स्वयंपाक शिकवणारे निदेशक आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण एकाच्या उत्तरातून दुसऱ्याकडे जावं लागतं.

1. पोळी लाटायला फोन कशाला लागतो? हे सगळं मुळात कशासाठी?

पोळी लाटायला फोन लागत नाही, आणि हात पीठ मळूनच बसतो. पण डेमोच्या वेळी काय होतं ते आठवा. वीस-बावीस मुलं एका ओट्याभोवती उभी असतात. पुढच्या सहा जणांना कढई दिसते आणि बाकीच्यांना निदेशकाची पाठ. डेमो एकदाच होतो, गॅस आणि माल मोजका असतो आणि घरी जाऊन पुन्हा बघायला काही नसतं. फोन ही उणीव भरून काढतो.

वैद्यकीय शिक्षणात जॉर्ज मिलर यांनी 1990 साली मांडलेल्या चार पायऱ्या इथे चपखल बसतात: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, रोजच्या कामात करतो. पहिल्या दोन पायऱ्या फोनवर शिकवता आणि तपासता येतात. तिसऱ्या पायरीवर फोन फक्त नोंदवहीचं काम करतो. चौथी पायरी हॉटेलातल्या ट्रेनिंगमध्येच दिसते. बहुतेक फसलेली साधनं आम्ही पाहिली ती पहिल्या पायरीची परीक्षा घेऊन तिसरीचं प्रमाणपत्र देणारी होती.

2. आम्हाला स्वतःचं ॲप बनवून घ्यायचं आहे. किती खर्च येईल?

बनवू नका. हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर दर वेळी हेच असतं. ॲप बनवून देणारा मुलगा नोकरी बदलतो, अँड्रॉइडची आवृत्ती बदलते, आणि दीड वर्षात आयकॉन तेवढा उरतो.

अभ्यासक्रमातला एक जॉब, म्हणजे प्रात्यक्षिकाचं एक काम, घ्या. समजा, व्हाइट सॉस. त्याचा दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ, पाच प्रश्नांचा फॉर्म आणि एका पानाची गुणपत्रिका, एवढंच बनवा आणि एका बॅचवर चालवा. मुलं कुठे अडतात ते कळलं की दुसरा जॉब घ्या. वर्षाला असे दहा-बारा जॉब नीट झाले तरी पुष्कळ झालं.

3. मग कोणती साधनं वापरायची?

फुकट आणि टिकाऊ, या दोनच कसोट्या लावा.

घरच्या सरावासाठी गुगल फॉर्म्स पुरतो. मात्र त्यात फोटो अपलोड करायला लावलात तर मुलाला गुगल खात्यात शिरावंच लागतं, आणि अर्ध्या मुलांचा फोन वडिलांच्या खात्यावर असतो. प्रश्नपेढी वाढायला लागली की मूडल या ऑनलाइन वर्ग चालवण्याच्या प्रणालीकडे जा. एचफाइव्हपी (H5P) या धडे बनवण्याच्या साधनात व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न विचारता येतो. ‘मोहरी अजून तडतडली नाही, आता जिरं टाकणार का?’ असं तिथल्या तिथे विचारता येतं, आणि एचफाइव्हपी मूडलमध्ये चालतं. प्रात्यक्षिकाचे गुण नोंदवायला आम्ही कोबो (KoboToolbox) वापरतो. हे साधन खरं तर सर्वेक्षणासाठी बनलेलं, पण ते इंटरनेटशिवाय चालतं, फोटो घेतं, मराठीत फॉर्म दाखवतं आणि शेवटी एक्सेल फाइल देतं. निदेशकाला आणखी काय हवं असतं?

4. किचन तळघरात आहे, रेंज येत नाही. मुलांकडे डेटाही नसतो.

दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये धडा आधी उतरवून घेणं. दुसरी वाट कोलिब्रीची, म्हणजे इंटरनेटशिवाय धडे दाखवणाऱ्या प्रणालीची. एका जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ती चढवा आणि साधा राउटर जोडा. इंटरनेट नसतानाही सगळ्या वर्गाला व्हिडिओ आणि चाचण्या मिळतात.

फोन हातात घेऊन ओट्यावर काम करू देऊ नका. फोनचा पडदा किती हात लागून आलेला असतो ते आपल्याला ठाऊक आहे. प्रत्येक ओट्यावर एकच फोन, पारदर्शक पिशवीत, स्टँडवर ठेवा, आणि तो हाताळणारा एकच भिडू नेमा. भिंतीवर लॅमिनेट केलेला क्यूआर कोड लावायला हरकत नाही, पण फ्रायरच्या बाजूच्या भिंतीवर नको. आमचा कोड तिसऱ्या दिवशी तेलकट होऊन वाचेनासा झाला होता.

5. व्हिडिओ कसा घ्यायचा? किती मोठा?

एक व्हिडिओ, एक कौशल्य. कांदा चिरणं निराळं आणि कांदा परतणं निराळं. दोन मिनिटांच्या वर गेला की मुलं पुढे ढकलतात.

कॅमेरा शिकवणाऱ्याच्या खांद्यावरून, हातांकडे रोखलेला असावा. समोरून घेतला की डावं-उजवं उलटं दिसतं आणि सुरी धरण्याची पद्धत नेमकी चुकीची उचलली जाते. एक्झॉस्ट चालू असेल तर आवाज वाया जातो. म्हणून चित्रण आधी करा आणि बोलणं नंतर शांत खोलीत भरा. पण खाद्यपदार्थाचा आवाज पुसू नका. फोडणी, तळण, उकळी यांची निम्मी माहिती कानातून येते. पाण्याचा अंश उडून तळणाचा आवाज बारीक होत जातो. तो बदल ऐकवण्यासाठी आम्ही भज्यांचा एक संपूर्ण घाणा न तोडता रेकॉर्ड केला आहे, आणि तिथे दोन मिनिटांचा नियम आनंदाने मोडला.

पाकाच्या व्हिडिओत अंगठा आणि तर्जनीमधली तार अगदी जवळून दाखवा, आणि त्याच चौकटीत थर्मामीटरचा आकडाही दिसू द्या. गोळीबंद पाक साधारण 112 ते 116 अंश सेल्सिअसला येतो. बोटांना जे कळतं ते आणि आकडा शेजारी-शेजारी दिसले की दोन्हीवर विश्वास बसतो.

6. धडे मराठीत की इंग्रजीत? मुलांना पुढे हॉटेलात इंग्रजीच लागणार ना?

समज मराठीत आणि संज्ञा हॉटेलातली, असं आम्ही करतो. परतणे, वाफवणे, मुरवणे, आधण, खरपूस हे शब्द मुलांनी घरी ऐकलेले असतात. ते सोडून पुस्तकी शब्द घडवण्यात अर्थ नाही. ब्लांच, रू (लोणी-मैद्याचं परतलेलं मिश्रण), जुलिएन (काडीसारखे काप), ब्रुन्वाज (बारीक चौकोनी तुकडे) हे शब्द मात्र तसेच ठेवा, देवनागरीत लिहा आणि शेजारी उच्चाराचा ऑडिओ द्या. ‘ब्लांच म्हणजे उकळत्या पाण्यातून काढून लगेच बर्फाच्या पाण्यात’ असं एकदा सांगितलं की पुरतं.

यंत्राकडून भाषांतर करून घेतलंत तर प्रत्येक ओळ वाचा. आमच्याकडे आलेल्या एका प्रश्नसंचात मिश्रण ‘फोल्ड’ करण्याऐवजी ‘घडी घाला’ होतं, चिकन स्टॉकचा ‘कोंबडीचा साठा’ झाला होता आणि पावाच्या प्रूफिंगला (पीठ फुगू देण्याला) ‘पुरावा’ म्हटलं होतं. वर्गाची करमणूक झाली, शिकवणी मात्र राहिली.

7. बहुपर्यायी प्रश्नांत चुकीचे पर्याय सुचतच नाहीत. कुठून आणायचे?

मुलांच्या वह्यांतून. मनाने रचलेला चुकीचा पर्याय कोणी निवडत नाही, आणि मग चार पर्यायांचा प्रश्न प्रत्यक्षात दोनच पर्यायांचा उरतो.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. कांदा 40 रुपये किलो. सोलण्या-निवडण्यात 12 टक्के वाया जातो. वापरण्याजोगा कांदा किती रुपये किलो पडला? किलोमागे 880 ग्रॅम हाती येतो, म्हणून 40 भागिले 0.88, म्हणजे 45 रुपये 45 पैसे. पण बरीच मुलं 40 वर सरळ 12 टक्के चढवतात आणि 44 रुपये 80 पैसे लिहितात. काही जण 12 टक्के वजा करून 35 रुपये 20 पैसे काढतात. हे दोन आकडे म्हणजे तुमचे चुकीचे पर्याय. शिवाय ज्या मुलाने 35.20 निवडलं, त्याला वाया जाणारा माल स्वस्त पडतो असं वाटतंय, हेही कळतं. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे दोन ओळींचा खुलासा ठेवा, म्हणजे चाचणीच शिकवणी होते.

8. आकडेमोडीत पैशांचा थोडा फरक पडला तर उत्तर बरोबर धरायचं ना?

धरायचं, पण किती ते आधी ठरवा. वरच्याच उदाहरणात (प्रश्न 7) खरं उत्तर 45.45 आणि नेहमीची चूक 44.80, म्हणजे फरक फक्त 65 पैशांचा. ‘एक रुपया इकडे-तिकडे चालेल’ अशी सूट दिलीत की चुकीची रीत वापरणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. एक टक्का सूट ठेवली तर 45.00 ते 45.90 एवढंच बरोबर धरलं जातं आणि चूक बाहेर राहते. दोन टक्के केलीत की ती पुन्हा आत शिरते.

मूडलमध्ये प्रत्येक मुलाला वेगळे आकडे देता येतात. तेव्हा आकड्यांच्या सीमा निवडताना हा हिशेब करा. वाया जाण्याचं प्रमाण 3-4 टक्के ठेवलंत तर बरोबर आणि चूक एकमेकांना इतके चिकटतात की कोणतीही सूट त्यांना वेगळं काढू शकत नाही.

9. फोडणीचा क्रम लावा असा प्रश्न दिला, आणि हुशार मुलीला शून्य मिळालं. काय चुकलं?

गुण देण्याची रीत चुकली. बहुतेक साधनं ‘पहिल्या जागी हे, दुसऱ्या जागी ते’ असं तपासतात. एक कार्ड चुकून वर गेलं की खालची सगळी एकेक घर सरकतात आणि सगळी चुकीची ठरतात. क्रम कोणाआधी कोण, असा जोडीने तपासायला हवा. मोहरीआधी तेल तापलं का, जिऱ्याआधी मोहरी गेली का, हळद शेवटी आणि तिच्या पाठोपाठ लगेच ओला जिन्नस पडला का, असं. मूडलच्या क्रम लावण्याच्या प्रश्नप्रकारात गुण देण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांतली शेजारच्या कार्डाशी तुलना करणारी निवडा.

दुसरी भानगड हिंग आणि कढीपत्त्याची. कोणी हिंग आधी टाकतं, कोणी कढीपत्ता, आणि दोन्ही घरांत आमटी चांगलीच होते. ज्या दोन गोष्टींचा क्रम बदलला तरी बिघडत नाही त्या एकाच कार्डावर लिहा. अशा प्रश्नात निदेशकाच्या आईची रीत उत्तर म्हणून जाऊ देऊ नये. आमच्याकडे तीच गेली होती.

10. पुस्तकागणिक उत्तर वेगळं असेल तर उत्तरसूचीत काय लिहायचं?

काहीच नाही. आधी प्रश्न दुरुस्त करा. पिवळा चॉपिंग बोर्ड हे यातलं ठरलेलं भांडण. ब्रिटिश पद्धतीत तो शिजलेल्या मांसासाठी आणि अमेरिकी पद्धतीत कच्च्या कोंबडीसाठी. आपल्याकडच्या हॉटेलांत दोन्ही पद्धती दिसतात. ‘पिवळा बोर्ड कशासाठी?’ असं मोघम विचारलंत तर बरोबर उत्तर लिहिणारं मूलही नापास होऊ शकतं, आणि हा रंग चुकला तर पुढे कोणाचं तरी पोट बिघडू शकतं.

म्हणून प्रश्नातच चौकट सांगा: ‘आपल्या प्रयोगशाळेच्या भिंतीवरील तक्त्याप्रमाणे…’. जुलिएनची जाडी कुठे 2 मिलिमीटर छापलेली असते, कुठे 3. तिथेही प्रश्नात आकडा द्या आणि मुलाला फोटोवरून ओळखायला लावा. तोंडपाठ आकड्यापेक्षा तिरपी, जाड-बारीक झालेली काप ओळखता येणं जास्त कामाचं.

11. प्रात्यक्षिकाचे गुण मोबाइलवर कसे द्यायचे?

गुणपत्रिकेचे तीन भाग करा: तयारी, कृती आणि पदार्थ. पहिल्या दोन भागांचे गुण काम चालू असतानाच द्यायला हवेत. संपल्यावर आठवून दिलेले गुण पदार्थाकडे बघून दिलेले असतात. सॉस छान झाला की सुरी धरायची पद्धतही छान होती असं वाटायला लागतं.

केंद्राच्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेत (आयटीआयचे अभ्यासक्रम हिच्याखालीच चालतात) प्रात्यक्षिकाला आणि वर्षभराच्या मूल्यमापनाला उत्तीर्णतेची अट 60 टक्के आहे, बाकी विषयांना 33 टक्के. वर्षभराच्या मूल्यमापनासाठी 60 ते 75, 75 ते 90 आणि 90 च्या वर असे तीन पट्टे दिलेले आहेत. मुलाला किती मदत लागली आणि काम कितपत सफाईदार झालं, यावर पट्टा ठरतो. तुमची गुणपत्रिका याच तीन पट्ट्यांवर बेतलीत तर वर्षाअखेर पुन्हा आकडे जुळवत बसावं लागत नाही. नोंदी पुढच्या परीक्षेपर्यंत जपून ठेवणंही अपेक्षित आहे, आणि फाइलपेक्षा डिजिटल नोंद तिथे उपयोगी पडते.

पट्ट्यांची वर्णनं मात्र डोळ्यांना दिसतील अशी लिहा. व्हाइट सॉससाठी ‘उत्तम दाटपणा’ असं लिहून उपयोग नाही. चमचा सॉसमध्ये बुडवून उलटा करा, त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर वरचा पट्टा, कडा हळूहळू भरल्या तर मधला, लगेच मिटली तर खालचा. शेजारी तीन चमच्यांचे तीन फोटो. नवा निदेशकही याच मोजमापाने गुण देऊ शकतो.

आणि एक कुलूप हवंच. कच्च्या कोंबडीच्या बोर्डावर कोशिंबीर चिरली, चाखलेला चमचा पुन्हा पातेल्यात गेला, चालू मशीनमध्ये हात घातला, अशा चुकीवर टिचकी मारली की बेरीज कितीही असो, जॉब पुन्हा करावा लागेल असं फॉर्मनेच दाखवावं. बेरीज-वजाबाकीत ही चूक विरघळू देऊ नका.

12. दोन परीक्षकांचे गुण जुळत नाहीत. किंवा फारच जुळतात!

दोघांनी 30 ताटल्या तपासल्या, 24 वर मत जुळलं. म्हणजे 80 टक्के, छान वाटतं. आता खोलात जा. दोघांनीही प्रत्येकी 24 जण पास केले, 6 नापास. एवढे पास करणारे दोन परीक्षक डोळे मिटून गुण देत असते तरी 68 टक्के ताटल्यांवर त्यांचं मत आपोआप जुळलं असतं. हा योगायोग वजा करून जुळणी मोजण्याचं माप म्हणजे कोहेनचा कप्पा (जेकब कोहेन, 1960). इथे तो 0.12 (0.80 वजा 0.68) भागिले 0.32 (1 वजा 0.68), म्हणजे सुमारे 0.38 येतो. मग 80 टक्क्यांचं कौतुक उरत नाही.

उपाय बैठकीचा नाही, ताटलीचा आहे. परीक्षेआधी तीन नमुने मुद्दाम बनवा, एक चांगला, एक बेताचा आणि एक बिघडलेला. दोघांनी न बोलता गुण द्यावेत आणि मगच चर्चा करावी. वीस मिनिटं लागतात. ‘फारच जुळतात’ हा प्रकार बहुधा एकाने दुसऱ्याचा कागद पाहिल्याचा असतो. कोबोसारख्या साधनात प्रत्येकाचा फॉर्म वेगळ्या फोनवर असल्याने तेवढं तरी थांबतं.

13. चव कशी तपासायची? तिथे तर मशीन चालणार नाही.

बरोबर. पदार्थाची चव जीभच तपासणार. पण ‘चव : 10 पैकी’ हा रकाना काढून टाका. त्याजागी मीठ (कमी, बेताचं, जास्त), आंबट-गोडाचा तोल, कच्चेपणा, करपलेला वास असे वेगळे रकाने ठेवा. मुलाला सात गुण मिळाल्याचं दुःख होतं, पण हळद कच्ची राहिली हे कळलं तर पुढच्या वेळी तो ती परततो.

मुलाची स्वतःची जीभ किती तयार आहे, ते मात्र फोनच्या मदतीने उत्तम तपासता येतं. तीन वाट्या सार घ्या. दोन वाट्यांत एकच सार, तिसऱ्यात मीठ किंचित जास्त. वाट्यांवर तीन आकडी क्रमांक टाका, क्रम फोनला लावू द्या. वेगळी वाटी ओळखायची, मध्ये कोमट पाण्याची चूळ भरायची. एकदा ओळखली तर नशीब असेल, तीनात एकदा ते लागतंच. पाच फेऱ्यांत चार किंवा अधिक वेळा नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता मात्र जेमतेम साडेचार टक्के. या खेळावर मुलं तुटून पडतात, आणि वर्गात कोणाची जीभ खरी आहे ते पाहून निदेशकही अधूनमधून चपापतात.

14. मुलं घरून पदार्थाचे फोटो पाठवतात. त्यावर गुण द्यावेत का?

सरावाची हजेरी म्हणून द्या, प्रावीण्याचे देऊ नका. फोटोत तपकिरी रंग बल्बप्रमाणे बदलतो. पिवळ्या दिव्याखाली पांढरा सॉससुद्धा खरपूस दिसतो. आणि ताटलीतला पदार्थ मुलाने केला की मावशीने, हे कसं सांगणार?

फोटो मागायचेच असतील तर मधल्या टप्प्याचे मागा: चिरलेली भाजी, परतलेला मसाला, मळलेला गोळा. शेजारी त्या दिवशीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. आकडा सकाळी ग्रुपवर टाकायचा. विकतच्या पदार्थाचा मधला टप्पा मिळत नाही.

15. तापमानाच्या नोंदी डिजिटल केल्या, पण मुलं खोटे आकडे भरतात.

फ्रीजचं तापमान रोज बरोबर 4 अंश असेल तर फ्रीज कोणी उघडलाच नाही असं समजा. खऱ्या नोंदी हलतात, 3.6, 4.9, दुपारी 6. आकड्यासोबत थर्मामीटरचा फोटो घेणं हा एक उपाय. दुसरा अधिक चांगला उपाय म्हणजे 6 लिहिणाऱ्याला ओरडा बसू नये. तिथे ‘मग तू काय केलंस?’ हा पुढचा प्रश्न फॉर्ममध्ये आपोआप उघडू द्या आणि गुण त्या उत्तराला ठेवा.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या केटरिंगसाठीच्या तपासणी यादीतले आकडे फॉर्ममध्येच बसवता येतात. मांसाहारी पदार्थाच्या गाभ्यात 75 अंश 15 सेकंद, थंड करताना 60 वरून 21 अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून 5 अंशांपर्यंत पुढच्या दोन तासांत. वेळ फोनच मोजतो.

थर्मामीटर तपासताना एक खाचखळगा आहे. वितळत्या बर्फात 0 सगळीकडे येतो, पण उकळत्या पाण्यात 100 फक्त समुद्रसपाटीला. मालवणात किंवा पणजीत 100 येईल, पुण्यात 98 च्या आसपास आणि महाबळेश्वरात 95-96. फॉर्ममध्ये सरसकट ‘100 नसेल तर थर्मामीटर बिघडलेला’ असं घातलंत तर घाटावरचे चांगले थर्मामीटर भंगारात जातील.

16. प्रश्नपत्रिका झाल्यावर प्रश्न चांगला होता की वाईट, ते कसं ओळखायचं?

गुणांप्रमाणे मुलांची रांग लावा. 24 मुलं असतील तर वरची आठ आणि खालची आठ घ्या. एखाद्या प्रश्नाचं उत्तर वरच्या आठांत तिघांचं बरोबर आणि खालच्या आठांत सहा जणांचं बरोबर असेल, तर आधी उत्तरसूची तपासा. दहात नऊ वेळा तीच चुकलेली असते, किंवा प्रश्न 10 सारखी भानगड असते. एका बॅचवरून प्रश्न कायमचा काढू नका. दोन-तीन बॅचची आकडेवारी साठू द्या.

आयटीआयची सिद्धांताची (थिअरीची) अखिल भारतीय परीक्षा आता संगणकावर होते, तेव्हा मुलांना पडद्यावर वाचण्याचा सराव हवाच. त्यासाठी भारत स्किल्स पोर्टल आणि आयटीआयची पुस्तकं तयार करणाऱ्या चेन्नईच्या निमी या संस्थेचं साहित्य आधी पाहा. तिथे आहे ते पुन्हा बनवण्यात वेळ घालवू नका.

17. शाकाहारी मुलगा चिकनचा जॉब करणार नाही म्हणतो. उपवासाच्या दिवशी मुली चाखत नाहीत. गुण कसे द्यायचे?

तीन गोष्टी वेगळ्या काढा. ज्ञानातून सूट नाही. कोंबडीचे भाग आणि सुरक्षित तापमान सगळ्यांनाच यायला हवं. चाखण्यातून सूट द्यावी. फॉर्ममध्ये ‘चाखले नाही’ हा स्वतंत्र पर्याय ठेवा, कारण तो नसेल तर निदेशक नाइलाजाने शून्य टाकतात. चाखण्याचे गुण शेजारच्या भिडूच्या जिभेवर देता येतात. ‘तू मसाला तपास, मी सांगते मीठ कसं आहे’ ही पद्धत श्रावणात आणि रमजानमध्ये आमच्याकडे सुरळीत चालते.

हाताळण्याचा प्रश्न अवघड आहे. अभ्यासक्रमात जॉब आहे आणि अंतिम परीक्षेत तो येऊ शकतो, हे प्रवेशाच्या वेळीच मुलाला आणि पालकांना लेखी सांगावं. मार्चमध्ये ओट्यापाशी वाद घालण्यापेक्षा ते बरं. फॉर्म हा वाद सोडवू शकत नाही.

18. दिव्यांग मुलांसाठी आणि मुलांच्या खासगीपणासाठी काय काळजी घ्यायची?

लाल-हिरव्यातला फरक न कळणारं मूल प्रत्येक दोन-तीन बॅचमध्ये एखादं तरी असतं, आणि आपले बोर्ड नेमके लाल-हिरवे. रंगासोबत चित्र किंवा अक्षर हवं, पडद्यावरही आणि खऱ्या बोर्डावरही. लेखी परीक्षेत पात्र दिव्यांगांना तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ देण्याची केंद्राची मार्गदर्शक सूचना आहे. ऑनलाइन चाचणीचं घड्याळ त्या मुलापुरतं आधीच बदलून ठेवा. ऐन वेळी ते कोणाला जमत नाही.

व्हिडिओत हात घ्या, चेहरे नकोत. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात (2023) 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि पालकांची संमती लागते. आयटीआयत दहावी होऊन आलेली बहुतेक मुलं त्यातच बसतात. बिघडलेल्या केकचा व्हिडिओ मुलाच्या नावासकट ग्रुपवर टाकणं हे कायद्याआधीही वाईटच होतं.

19. परीक्षेच्या मध्यात वीज गेली किंवा सिलिंडर संपला तर?

गुणपत्रिकेच्या छापील प्रती प्रत्येक परीक्षकाच्या फळीला आधीच लावलेल्या असाव्यात, फॉर्ममधल्याच क्रमाने. वीज गेली की घड्याळातली वेळ लिहा आणि पुढचे गुण कागदावर द्या. वीज आल्यावर कागदावरचे आकडे जसेच्या तसे भरा, सोबत कागदाचा फोटो जोडा. भरताना ‘इथे एक गुण वाढवतो’ असं वाटतं, ते करायचं नाही.

सिलिंडर एका ओट्याचा संपला असेल तर तेवढी मिनिटं त्या ओट्याला वाढवून द्या. पण सॉस अर्धवट शिजून थंड झाला असेल तर मिनिटं देऊन भागत नाही. तो जॉब नव्या मालाने पुन्हा सुरू करू द्या आणि तयारीचे गुण पहिल्याच वेळचे ठेवा. यासाठी दोन ओट्यांचा जादा माल सकाळी मागणीपत्रातच धरून ठेवा, कारण अकरा वाजता स्टोअरची किल्ली कोणाकडे असते, हे आजवर कोणालाच सापडलेलं नाही.